अंकाचे रूप आणि संख्येचे मूल्य : संगणकीय नोंदीची पारख

बोलीसर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत निवेदकाचे वय हा अगदी साधा रकाना होय. हल्ली प्रश्नावली पुष्कळदा संगणकावर भरली जाते. निवेदक देवनागरीत '६२' असे लिहितो आणि 'कृपया संख्या लिहा' असे उत्तर त्यास मिळते. वस्तुतः त्याने संख्याच लिहिलेली असते. मग हा नकार कशातून उद्भवतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संख्या आणि संख्येचे चिन्ह या दोन भिन्न गोष्टी आहेत. संगणकाच्या हाती प्रथम येते ती चिन्हांची माळ. युनिकोड संकेतप्रणालीत आंतरराष्ट्रीय अंकांना ४८ ते ५७ आणि देवनागरी अंकांना २४०६ ते २४१५ असे क्रमांक आहेत. केवळ ४८ ते ५७ एवढीच मर्यादा मानणारी आज्ञावली मूल्य पारखीत नाही, लिपी पारखते. जावास्क्रिप्टमधील संख्यारूपांतर देवनागरी '६२' नाकारते. पायथनमधील 'इंट' ही क्रिया मात्र त्याचे योग्य मूल्य देते.

परंतु ही उदारताही निर्धोक नव्हे. 'इंट' एकाच माळेत निरनिराळ्या लिप्यांचे अंक चालवून घेते. बंगालीतील चार हा अंक आंतरराष्ट्रीय आठासारखा दिसतो. सहाच्या आंतरराष्ट्रीय अंकापुढे तो आला, तर डोळा अडुसष्ट वाचील आणि यंत्र चौसष्ट नोंदवील.

यास्तव वयासारख्या पूर्णांकाची पारख तीन पायऱ्यांनी करावी :

(१) माळेच्या दोन्ही टोकांची रिकामी जागा काढावी. माळ रिक्त उरल्यास किंवा तिच्यातील सर्व चिन्हे वरीलपैकी एकाच अंकसंचातील नसल्यास पुन्हा विचारावे.

(२) प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकातून त्या संचातील शून्याचा क्रमांक वजा करावा. '६२' चे क्रमांक २४१२ व २४०८. २४०६ वजा जाता ६ आणि २ उरतात. आधीच्या मूल्यास १० ने गुणून पुढील अंक मिळवीत गेल्यास बासष्ट सिद्ध होते.

(३) मूल्य संभाव्य आहे की नाही, हे पाहावे. ६२० ही निर्दोष संख्या आहे. परंतु ते माणसाचे वय नव्हे.

पहिली पायरी रूपाची, दुसरी मूल्याची, तिसरी अर्थाची. त्यांची गल्लत झाल्यास नोंद नाकारली जाते, निवेदक रकाना सोडून देतो, आणि स्वलिपीत लिहिणारी माणसेच आपल्या सामग्रीतून नकळत गळतात. अशी सामग्री वरून निर्दोष दिसते; म्हणूनच हा दोष गणन आरंभण्यापूर्वी, प्रश्नावली रचतानाच दूर केला पाहिजे.