सेन्सर तेच, नावं मात्र अदलाबदल

समजा, तुमच्या प्रयोगात दोन इन्क्युबेटर आहेत आणि प्रत्येकात एक तापमान सेन्सर. दोन्ही सेन्सर यूएसबीने लिनक्सच्या संगणकाला जोडलेत. प्रोग्रॅममध्ये तुम्ही लिहून ठेवलंय: 'टीटीवाययूएसबी0' म्हणजे पहिला, 'टीटीवाययूएसबी1' म्हणजे दुसरा. रात्री वीज जाऊन येते, संगणक आपोआप सुरू होतो, नोंदी पुढे चालू. सकाळी एरर एकही नाही. पण पहिल्याचं तापमान दुसऱ्याच्या रकान्यात पडतंय! फरक अर्ध्या अंशाचा असेल तर आलेख पाहूनही कळणार नाही.

असं का होतं? शेवटचा 0 किंवा 1 ही सेन्सरची ओळख नाहीच. तो बँकेतल्या टोकनसारखा आहे: कर्नलला जे उपकरण आधी सापडलं, त्याला पहिला मोकळा क्रमांक. पुढच्या वेळी क्रम तोच राहील याची हमी नाही.

मग खरी ओळख कुठे असते? यूएसबी उपकरण जोडलं की ते स्वतःची माहिती सांगतं: उत्पादकाचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक (दोन्ही 16 बिटचे) आणि असलाच तर अनुक्रमांक. 2003 मध्ये आलेला 'यूडेव्ह' ही माहिती वाचतो आणि 'डेव्ह' फोल्डरमधल्या 'सिरियल' मध्ये, 'बाय-आयडी' खाली, स्थिर नावाची लिंक बनवतो. प्रोग्रॅममध्ये हेच नाव वापरा.

इथे एक गोम आहे. बऱ्याच स्वस्त यूएसबी-सिरियल चिपमध्ये अनुक्रमांकच नसतो. अशा दोन सारख्या चिप लावल्या, तर 'बाय-आयडी' खाली दोघींचं नाव एकच होतं आणि लिंक एकीकडेच जाते. तेव्हा 'बाय-पाथ' वापरा. ते नाव उपकरणावरून नाही, तर ते कुठल्या पोर्टला लावलंय त्यावरून ठरतं. म्हणून पोर्टवर आणि केबलवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. केबल बदलली की ओळखही बदलली.

आता एक छोटी चाचणी करा. दोन्ही केबल काढा, उलट्या क्रमाने लावा आणि एक सेन्सर मुठीत धरा. योग्य रकान्यातलं तापमान वाढतंय का बघा. ही दोन मिनिटांची तपासणी प्रयोग सुरू करण्याआधीच करा, कारण रकाने नेमके कधी उलटले हे नंतर डेटावरून शोधणं फार अवघड जातं.