पाण्याच्या वाटेने सेगोविया

माद्रिदहून अतिजलद रेल्वेने निघालं की अर्ध्या तासात सेगोविया येतं. जेमतेम पन्नास हजार वस्तीचं हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर, एरेस्मा आणि क्लामोरेस या दोन नद्यांमधल्या खडकावर वसलं आहे. शत्रूला थोपवायला जागा नामी, पण दोन्ही नद्या खाली दरीत. वर पाणी आणायचं कसं, हा प्रश्न इथल्या माणसांना पहिल्यापासून होता. त्यांनी तो दोनदा थक्क करणाऱ्या पद्धतीने सोडवला: एकदा पाणी वर आणून, आणि दीड हजार वर्षांनी उद्योग खाली पाण्याकाठी नेऊन. म्हणून हे शहर पाण्याच्या वाटेने पाहावं.

पहिलं उत्तर आसोगेखो चौकात उभं आहे. रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास बांधलेला हा जलसेतू १६७ कमानींचा आहे. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी सुमारे १७ किलोमीटरवरून यायचं. वाटेत ते आधी एका हौदात साठे, मग दुसऱ्या दगडी घरात थांबे. तिथे वाळू तळाशी बसली की निवळलेलं पाणी पुढे सुटे. उतार इतका बेताचा ठेवलेला की पाणी वाहतं राहावं, पण पाट खरवडला जाऊ नये. शहराच्या तोंडाशी मात्र मोठा खोलगट भाग आडवा येतो. तो ओलांडण्यासाठी कमानींवर कमानी चढवाव्या लागल्या आणि आसोगेखोत त्यांची उंची सुमारे २८ मीटरवर गेली.

खांबाजवळ जाऊन दगड नीट पाहा. ग्रॅनाइटच्या चिऱ्यांमध्ये चुना नाही, कसलाही लेप नाही. प्रत्येक चिरा आपल्या वजनाने आणि शेजारच्या चिऱ्याच्या दाबाने जागेवर बसला आहे. चिऱ्यांच्या अंगावर छोटे खड्डे दिसतात. दगड उचलताना लोखंडी चिमट्याचे दात या खड्ड्यांत अडकवत. कमानीखाली लाकडी सांगाडा उभारायचा, त्यावर पाचरीच्या आकाराचे दगड दोन्ही बाजूंनी रचत न्यायचे, मधला दगड बसला की सांगाडा काढून घ्यायचा. खांब वर जाताना टप्प्याटप्प्याने बारीक होत जातात, त्यामुळे एवढा डोलारा अंगावर येत नाही. मधल्या उंच भागावर पूर्वी काशाच्या अक्षरांत लेख होता. अक्षरं गेली, ती बसवायला पाडलेली भोकं राहिली. त्या भोकांवरून सम्राटाचं नाव ओळखण्याची खटपट विद्वानांनी केली आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

हे बांधकाम टिकलं ते निगा राखल्यामुळे. मध्ययुगात पडलेल्या ३६ कमानी पंधराव्या शतकात, राणी इसाबेलाच्या कारकिर्दीत, पुन्हा उभारल्या गेल्या. १९८५ मध्ये जुनं शहर आणि जलसेतू युनेस्कोच्या वारसा यादीत आले. मोटारींच्या धुराने आणि हादऱ्यांनी दगड झिजू लागले, तेव्हा १९९२ मध्ये कमानींखालची वाहतूक बंद झाली. आज तिथे माणसं पायी फिरतात.

चौकातून मुख्य रस्त्याने वर चढलं की कॅथेड्रल लागतं. जुनं कॅथेड्रल १५२०-२१ च्या बंडाळीत उद्ध्वस्त झालं. नव्याचं काम १५२५ मध्ये सुरू झालं. युरोपात सगळीकडे रेनेसाँची शैली रुळत असताना सेगोवियाने गॉथिक उंची आणि टोकदार कमानीच पसंत केल्या. पुढे खडकाच्या टोकाला आल्कासारचा किल्ला आहे. १४७४ मध्ये इसाबेला सेगोवियातच कास्तीया राज्याची राणी म्हणून जाहीर झाली. १७६४ पासून आल्कासारात तोफखान्याचं विद्यालय होतं. तिथल्या रसायनशाळेत प्रूस्त हा फ्रेंच शास्त्रज्ञ शिकवत असे. संयुगातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण ठरलेलं असतं, हा आपण शाळेत शिकतो तो नियम त्याचाच. १८६२ च्या आगीत किल्ल्याची छपरं जळाली. आज दिसतात ती मनोऱ्यांची निमुळती टोकं नंतरच्या दुरुस्तीतली आहेत.

बहुतेक प्रवासी इथून परत फिरतात. खाली एरेस्माच्या काठी उतरलं तर दुसरं उत्तर भेटतं: राजा दुसऱ्या फिलिपची टाकसाळ. १५८३ मध्ये राजाने नदीकाठची कागदगिरणी विकत घेतली आणि एस्कोरियाल राजवाड्याचा वास्तुकार हुआन दे एरेरा याच्याकडे काम सोपवलं. यंत्रं ऑस्ट्रियातल्या टिरोलहून, तिथल्या राजघराण्याच्या मदतीने आणि जर्मन कारागिरांसह आली. तोवर स्पेनमध्ये नाणं म्हणजे हातोड्याचा घाव. त्यात आकार वेडावाकडा होई आणि कडा कातरून चांदी चोरणाऱ्यांचं फावे. इथे नदीचं पाणी चाकांवर पडे, चाकं रूळ फिरवत, आणि चांदीची पट्टी रुळांमधून जाऊन पातळ होई. मग ठसे कोरलेल्या रुळांमधून पट्टी सरकली की दोन्ही बाजूंनी छाप उठे, आणि शेवटी गोल नाणी कापून काढत. नाणी एकसारखी आणि काठापर्यंत स्वच्छ निघत. रुळामुळे त्यांना किंचित बाकही येई; जाणकार त्यावरून ती ओळखतात. सतराव्या शतकात इथे पन्नास रियालांची चांदीची नाणी पाडली गेली. एकेक सुमारे १७० ग्रॅम वजनाचं! बाजारात चालवण्यापेक्षा राजाची श्रीमंती दाखवायला ती जास्त उपयोगी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टाकसाळ बंद झाली. नंतर इमारतीत पिठाची गिरणी चालली, मग ती ओसाड पडली. दुरुस्तीनंतर आता तिथे संग्रहालय आहे. कच्चा माल एका टोकाला, यंत्रं ओळीने आणि पाण्याची ताकद सगळ्यांना, अशी मांडणी कारखान्यांचं युग येण्याच्या दोन शतकं आधी इथे झाली होती. माझ्या मते जलसेतूइतकंच मोल या टाकसाळीला आहे.

म्हणून सेगोवियाला जाल तर आसोगेखोत फोटो काढून परतीची गाडी पकडू नका. अख्खा दिवस हाताशी ठेवा, चांगले बूट घाला, आणि आल्कासार पाहून झाल्यावर नदीपर्यंत खाली उतराच.