मूकपटांची मुंबई (भाग ६) : चार आण्यांचं तिकीट

७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली, तिकीट एक रुपया, हे आपण पहिल्या भागात पाहिलं. मला मात्र त्या तारखेपेक्षा पुढचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. १४ जुलैपासून हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि थोड्याच दिवसांत दरपत्रक बदललं. वरचा दर दोन रुपये, खालचा चार आणे. पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्सही ठेवले. साहेबाच्या हॉटेलातला चमत्कार महिन्याभराच्या आत गिरगाव-काळबादेवीच्या गिऱ्हाइकाला परवडेल अशा भावात येऊन बसला.

तो खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे छायाचित्रकार गृहस्थ इतके भारावले, की त्यांनी लंडनहून २१ गिनी मोजून कॅमेरा मागवला. आता या कॅमेऱ्यासमोर धरायचं काय? १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लावली आणि ती टिपली. फिल्म धुऊन घ्यायला विलायतेला पाठवावी लागली. म्हणजे भारतीय माणसानं केलेलं, पहिलं मानलं जाणारं चित्रीकरण हे देवादिकांचं नव्हे, खेळाचं होतं. ते साहजिकच होतं. ज्याला तिकीट लावता येतं आणि जे पाहायला माणसं आपणहून जमतात, अशा गोष्टी त्या काळच्या मुंबईत मुख्यतः दोन होत्या, नाटक आणि कुस्ती. नाटकाचा जीव गाण्यात, आणि यंत्र तर मुकं. मग उरली कुस्ती.

३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तोही एकटा नाही. जाहिरातीत त्याच्या जोडीला मिस आयरिन डेलमारचा नाच, मॅक्लेमेंट्स मंडळींचा विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर आणि शेवटी विनोदी फिती, असा भरगच्च कार्यक्रम होता. दर दुप्पट असल्याची सूचनाही होती. चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा, म्हणजे तासाभराचा. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजून कोण येईल, ही धास्ती या भरण्यामागे दिसते. चित्रपट चालला २३ दिवस. छोट्या गावांत सहा-सहा तासांच्या नाटकांशी सामना होता, तेव्हा फाळक्यांनी वेगळीच शक्कल काढली. ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सारं फक्त तीन आण्यांत! कापडाच्या दुकानदारानं वार मोजून दाखवावेत, तसा त्यांनी चित्रपट मोजून विकला. फाळक्यांना आपण नेहमी ध्येयवेड्या कलावंताच्या कोंदणात बसवतो. त्यांच्यातला पक्का जाहिरातदार त्यामुळे झाकला जातो.

याच चित्रपटातली तारामती ग्रँट रोडच्या एका खानावळीत कामाला होती. बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या, म्हणून अण्णा साळुंके या सडपातळ तरुणाला फाळक्यांनी पाच रुपये जास्त पगार देऊन उचललं. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढून ठेवत, असं सांगतात.

प्रत्यक्ष खेळ कसा चाले, हे डोळ्यांसमोर आणायला हवं. यंत्र हातानं फिरवायचं. एकच यंत्र असलेल्या थिएटरात दर पंधरा-वीस मिनिटांनी रीळ संपे, दिवे लागत, सोडावाले आणि शेंगदाणेवाले रांगांतून फिरत, तोवर ऑपरेटर पुढचं रीळ चढवी. पडद्याशेजारी पेटी-तबला. मजकुराच्या पाट्या दोन, तीन, कधी चार भाषांत. ज्याला अक्षर ओळखीचं नाही त्याच्यासाठी शेजारचा मोठ्यानं वाचे, आणि गुजराती, मराठी, उर्दू अशी वाचनं एकदमच सुरू होत. पुढच्या बाकावरचा गिरणी कामगार आणि मागच्या खुर्चीतला भाटिया व्यापारी यांच्यात अंतर होतंच. पण ते तिकिटाच्या दरानं पडलेलं होतं, जात विचारून पाडलेलं नव्हतं.

हा फरक किती मोठा होता, ते क्रिकेटकडे पाहिलं की कळतं. तिरंगी सामने १९०७ला सुरू झाले, १९१२ला मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. बाजू जन्मानंच ठरलेली. सामने होत ते बॉम्बे जिमखान्यावर, जिथे हिंदी माणसाला सभासदत्व नव्हतं. आणि हिंदू संघाच्या आत आणखी एक भिंत. पुण्यात मैदानाची निगा राखत गोलंदाजी शिकलेले पळवणकर बाळू हे संघाचे हुकमी गोलंदाज. पण ते चांभार समाजातले, म्हणून सुरुवातीच्या काळात त्यांना चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली.

तरीही हे सामने म्हणजे जत्राच. मैदानाला तंबूंचा वेढा, तिकीट न परवडणारे झाडांवर. चौरंगीबाहेरच्या सामन्यांनाही हीच गर्दी. १ डिसेंबर १९२६ला हिंदूंकडून खेळताना नागपूरच्या सी. के. नायडूंनी गिलिगनच्या पाहुण्या इंग्लिश (एमसीसी) संघाविरुद्ध दोन तासांच्या आत १५३ धावा कुटल्या, त्यांत ११ षटकार. आसपासच्या गच्च्यांवरही माणसं चढली होती. त्या दिवशी पैसे देऊन बसलेल्यांइतकेच फुकटे असावेत, असा माझा कयास आहे.

मैदानासारखीच विभागणी बाजारातही होती. खरेदीची दोन जगं होती. हॉर्नबी रोडवर व्हाइटअवे लेडलॉ, काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स. काचेमागे मांडलेला माल, चिठ्ठीवर छापलेली किंमत, घासाघीस नाही. पलीकडे मुळजी जेठा मार्केट. गादीवर पाय दुमडून बसलेला शेठ, समोर उलगडलेले तागे, आणि सौदा भाव सांगण्यापेक्षा तो पाडण्यात. भाजी, फळं, मटण क्रॉफर्ड मार्केटात. १९०७पासून विजेची ट्राम आली आणि ही जगं एका रुळावर जोडली गेली, पण गिऱ्हाईक फारसं सरमिसळलं नाही.

सरमिसळ झाली ती जुलै १९२१मध्ये. ८ तारखेला बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केलं. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नट एका रंगमंचावर. ३१ तारखेला परळला गांधीजींच्या हातून विलायती कापडाची होळी पेटली. ज्या शहराचं पोट कापडावर चालतं, त्यानं त्याच महिन्यात देशासाठी नाटकही पाहिलं आणि अंगावरचं कापडही जाळलं. त्याच साली द्वारकादास संपतांच्या कोहिनूर कंपनीनं ‘भक्त विदुर’ काढला. त्यातला विदुर गांधी टोपी घालून वावरतो, म्हणून तो काही प्रांतांत बंद पाडला गेला. सेन्सॉरला पुराणातली टोपी बरोबर कळली.

दशकाच्या उत्तरार्धात पडद्यावर खुद्द शहरच आलं. रूबी मायर्स, पूर्वी टेलिफोन कंपनीत काम केलेली ज्यू मुलगी, ‘सुलोचना’ या नावानं १९२६ला ‘टेलिफोन गर्ल’ झाली. पुढच्याच वर्षी ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिनं आठ रूपं घेतली, त्यात पोलिसाचंही. घाबरून पडद्यापासून लांब राहणाऱ्या बायकांच्या जागी नट घ्यावा लागल्याला जेमतेम चौदा वर्षं झाली होती, आणि आता बाईच पडद्यावर पुरुषाचं सोंग घेत होती. मारधाडीच्या चित्रपटांत मास्टर विठ्ठल हा नट आघाडीवर. त्या जमान्याचा आदर्श हॉलिवूडचा डग्लस फेअरबँक्स. त्याच्या ‘थीफ ऑफ बगदाद’नं इथे अफाट गर्दी खेचली होती.

१४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशिर इराणींचा बोलपट ‘आलम आरा’ लागला. नायक मास्टर विठ्ठलच, पण बोलीची अडचण असल्यानं त्याची भूमिका बरीचशी ग्लानीत, जवळजवळ अबोल ठेवली गेली. थिएटरबाहेर रांग लावणं लोकांना ठाऊक नव्हतं, पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकलं जात होतं.

पुढच्या भागात : बोलपट आल्यावर पेटी-तबलेवाल्यांचं काय झालं?