इंजिन बांधलं तरी टायमिंग पुन्हा सरकतंय? डिस्ट्रीब्युटर फिरवण्याआधी गिअरचे दात पाहा

तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर जुन्या पेट्रोल जीप अजून जपलेल्या दिसतात. वडिलांची आठवण म्हणून मोठा खर्च करून इंजिन बांधून घेतलं जातं. गाडी छान चालते, आणि काही महिन्यांतच पिकअप जातो, इंजिन तापतं, मिसिंग सुरू होतं. डिस्ट्रीब्युटर थोडा फिरवून टायमिंग जुळवलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. अशा वेळी कार्बोरेटर आणि प्लगवर खर्च करण्याआधी गिअर तपासायला हवा.

एकाच गिअरवर दोन कामं

विलीज पद्धतीच्या पेट्रोल जीपमध्ये कॅमशाफ्टवरच्या तिरप्या दातांनी ऑइल पंपाचा गिअर फिरतो. त्याच पंपाच्या शाफ्टच्या खाचेत डिस्ट्रीब्युटरची जीभ बसते. म्हणजे ठिणगी आणि तेल, दोन्ही याच गिअरवर. दात झिजले की डिस्ट्रीब्युटर मागे राहतो आणि ठिणगी उशिरा पडते. (डिझेल जीपला डिस्ट्रीब्युटर नसतो, त्यामुळे हे तिला लागू नाही.)

घरच्या घरी तपासणी

इग्निशन बंद करून कॅप काढा. रोटर हाताने हलवा. एका बाजूला स्प्रिंगविरुद्ध थोडा फिरून तो परत जागेवर आला तर ठीक. स्प्रिंगशिवाय सैल खडखडत असेल तर झीज समजा. आता इंजिन हळू फिरवा, रोटर हलला की थांबा आणि उलटं फिरवा. थोडा प्ले असतोच. पण इंजिन बरंच फिरूनही रोटर जागचा हलत नसेल तर पंप काढून पाहावा लागेल. मेकॅनिककडे टायमिंग लाइट असेल तर आयडलवर खूण स्थिर दिसते की नाचते तेही पाहून घ्या.

पंप काढण्याआधी रोटरचं तोंड कुठे आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढा. एक दात चुकला तरी टायमिंग बिघडतं.

दात काय सांगतात?

दाताच्या मधोमध चकचकीत पट्टा असेल तर चिंता नाही. एकाच कडेला झीज असेल तर गिअर जागेवर बसलेला नाही. वॉशर राहिला असेल, पॅकिंग जाड पडलं असेल किंवा कॅमशाफ्ट मागे-पुढे सरकत असेल. सगळे दात सुरीसारखे धारदार झाले असतील तर गिअरवर जास्त लोड आहे किंवा त्याला तेल पोचत नाही. ओरखडे असतील तर तेलात कचरा आहे.

लोड वाढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पंप जड फिरणं. पंप हातात घेऊन फिरवा, कुठेही अडकता कामा नये. प्रेशर जास्त दिसावं म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकले जातात, गरजेपेक्षा जाड तेल भरलं जातं. तो सगळा भार या दातांवरच येतो.

दुसरं कारण धातूचं. अमेरिकन व्ही-८ इंजिनांत स्टीलच्या कॅमशाफ्टवर साधा बिडाचा गिअर बसवला तर तो लवकर खलास होतो, हे तिकडचे मेकॅनिक जाणून असतात. आपल्याकडेही कुठल्या धातूचा ते न पाहता मिळेल तो गिअर बसवला तर तीच गत. जुन्या कॅमशाफ्टचे दात झिजलेले असतील तर नवा गिअरही खाल्ला जाणार.

नुसता गिअर बदलून भागत नाही

झिजलेल्या दातांचा चुरा तेलातच जातो. जीपच्या जुन्या फिल्टरमधून सगळं तेल जात नाही, थोडंच जातं. म्हणून चेंबर खोलून साफ करा, तेल आणि फिल्टर बदला, बेअरिंग पाहून घ्या. नवा गिअर बसवताना दातांना तेल लावा, पंपात तेल भरा. कोरडं इंजिन सुरू करू नका.

गाडी रस्त्यात एकदम बंद पडली, तर कॅप काढून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. रोटर फिरत नसेल तर ऑइल पंपही थांबलेला असू शकतो. मग धक्का मारू नका, ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढू नका. तेलाविना बेअरिंग घासतील आणि काही हजारांचं काम पुन्हा पूर्ण इंजिनावर जाईल. गाडी न्यूट्रलमध्येच गॅरेजला न्या.