ज्ञानाची बाग

पूर्वी उर्दू साहित्याची आवड असणारे अनेक जण एक खास वही जवळ ठेवत. आवडलेला शेर, घरगुती औषध, ऐकलेली माहिती ते तीत टिपून ठेवत. या वहीला 'बयाज' म्हणतात. मालक जसजसा शिकत जातो, तसतशी बयाजही वाढत जाते.

अशी वही आज संगणकावरही तयार करता येते. तिला 'डिजिटल बाग' म्हणतात. १९९१ साली टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने तयार केलेले जगातील पहिले संकेतस्थळ सर्वांसाठी खुले झाले. त्यात एका पानावरील शब्द निवडला, की दुसरे पान उघडत असे. या जोडणीला 'दुवा' म्हणतात. पुढे १९९८ साली मार्क बर्नस्टीन यांनी दुव्यांनी जोडलेल्या अशा लेखनाला बागेची उपमा दिली.

वर्तमानपत्र एकदा छापले, की त्यातील मजकूर बदलत नाही. बागेचे तसे नसते. रोपाला रोज पाणी घालावे लागते आणि तण काढावे लागते. डिजिटल बागेतील पानेही अशीच वाढवावी व सुधारावी लागतात.

समजा, बीडच्या एका विद्यार्थिनीने 'पाणी' या विषयाची बाग सुरू केली. पहिल्या दिवशी तिने लिहिले, "बीडजवळ खजाना विहीर आहे. तिचे पाणी कधीच आटत नाही." खाली तारीख घातली आणि 'रोप' अशी खूण केली. रोप म्हणजे अजून कच्ची माहिती.

मग तिने वाचले, की ही विहीर १६ व्या शतकात, निजामशाहीच्या काळात, सलाबतखानाने बांधवली. विहिरीचे पाणी भुयारी कालव्यांतून शेतीला जाते, हेही तिला कळले. तिने ही भर घातली व 'रोप' खोडून 'झुडूप' लिहिले. पाणी आटत नाही, हे तिने केवळ ऐकले होते. म्हणून तिने ते वाक्य बदलले : "पाणी आटत नाही, असे लोक सांगतात." ऐकलेले आणि तपासलेले यांतील फरक तिने असा जपला.

पुढे विहिरीच्या पानावरून तिने दोन दुवे दिले. एक बिंदुसरा नदीकडे, दुसरा १९७२ च्या दुष्काळाकडे. दुष्काळाच्या पानासाठी तिने दादीला विचारले, "दादी, तेव्हा तुम्ही पाणी कोठून आणत होता?" दादीने जे सांगितले, ते तिच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते लिहिले नसते, तर दादीबरोबरच नाहीसे झाले असते.

अशी बाग तुम्हीही लावू शकता. प्रत्येक विषयाला वेगळे पान द्या. पानावर तारीख घाला. माहिती कोठून मिळाली ते लिहा. चूक आढळल्यास ती दुरुस्त करा. संगणक नसेल, तर वहीत सुरुवात करा व दुव्याच्या जागी पानाचा क्रमांक लिहा. इंटरनेटवर पाने ठेवताना शिक्षकांची मदत घ्या. घरचा पत्ता व फोन नंबर देऊ नका. कोणाची आठवण लिहायची असेल, तर आधी त्यांची परवानगी घ्या.

सर्व काही कळल्यावर लिहू, असे म्हणणाऱ्याचे पान कोरेच राहते. आज दोन ओळी लिहा, उद्या त्या सुधारा.

शब्दार्थ : टिपणे – थोडक्यात लिहून ठेवणे, उपमा देणे – एका गोष्टीची दुसरीशी तुलना करणे, तण – पिकात उगवणारे नको असलेले गवत, भुयारी – जमिनीखालील.

उपक्रम : तुमच्या गावातील एका जुन्या विहिरीची माहिती घरातील मोठ्यांना विचारून पाच ओळींत लिहा.