नोकरशाही म्हणजे नुसती दिरंगाई नव्हे

नोकरशाही म्हटले की ‘साहेब जागेवर नाहीत, उद्या या’ हेच आठवते. ती दिरंगाई झाली. नोकरशाही म्हणजे कोणाच्या मर्जीऐवजी पद, लेखी नियम आणि नोंदी यांवर चालणारा कारभार. दवाखान्यातला केसपेपर पाहा: डॉक्टर बदलले तरी आधी कोणते औषध दिले ते नव्या डॉक्टरांना कळते.

नवी मुंबईतल्या कळंबोलीत अशा नोंदींचा फायदा मोठा आहे. इथली सिडकोची (शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची) जमीन मुळात भाडेपट्ट्याने (ठरावीक मुदतीच्या वापराच्या कराराने) दिलेली आहे, साधारण 60 वर्षांसाठी. तेवढ्या काळात अधिकाऱ्यांच्या दोन पिढ्या निवृत्त होतात; घरावरचा हक्क नोंदीमुळे शाबूत राहतो.

तोटाही इथेच दिसतो. 2016 मध्ये पनवेल महापालिका झाली आणि कळंबोली तिच्यात आली. मालमत्ता कर तिच्याकडे, भाडेपट्टा आणि हस्तांतरण सिडकोकडे. घर घेणाऱ्याला दोन्हीकडे नाव लावावे लागते. प्रत्येक टेबल आपल्यापुरते बरोबर असते. अर्जदाराचे पूर्ण काम कोणाच्याच टेबलावर नसते. खरा दोष हा आहे, नियम असणे हा नव्हे. नियम काढले तर वशिला उरेल, आणि ज्याची ओळख नाही तो मागे पडेल.

म्हणून कायद्याने नियम ठेवून मुदत घातली. 2005 च्या दिरंगाई प्रतिबंधक कायद्यानुसार एका कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे कामाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त राहू नये. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित (जाहीर केलेल्या) सेवांना मुदत आणि अपिलाची सोय दिली. मुदत मोजता यावी म्हणून अर्जाची पोच घेताना तिच्यावरची तारीख जरूर पाहावी.