गारांपासून डोके, विजेपासून जीव

हिमवादळ मराठवाड्याने पाहिलेले नाही. परंतु आकाशातून बर्फ कोसळण्याचा अनुभव या भूमीला नवा नाही. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपले. त्यात तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचाही समावेश होता. पिकांच्या नुकसानीची चर्चा पुष्कळ झाली. माणसाने त्या काही मिनिटांत काय करावे, हा प्रश्न मात्र मागे राहिला. तेरणा साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या ढोकीसारख्या गावात तो अधिक महत्त्वाचा आहे. गारपिटीचे दिवस म्हणजे ज्वारी-हरभऱ्याच्या काढणीचे आणि ऊसतोडीच्या अखेरीचे दिवस. अशा वेळी माणसे उघड्या रानात असतात आणि तोडणी मजुरांच्या कोप्या गारांचा मारा सोसू शकत नाहीत.

गार का पडते?

उन्हाळ्याच्या तोंडावर जमीन तापते. बाष्प मिळाले की गरम हवा वेगाने वर चढते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग तयार होतात. त्यांच्या वरच्या भागात पाणी शून्य अंशाखालीही द्रवरूपात असते. ते बर्फकणांवर गोठत जाते आणि गार वाढते. वर चढणाऱ्या हवेला वजन पेलेनासे झाले की गार खाली कोसळते. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे ३० एप्रिल १८८८ रोजी गारपिटीने २४६ बळी घेतले. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार गारपिटीतील ही सर्वाधिक जीवितहानी होय.

झाडाचा आसरा घातक

गार आणि वीज एकाच ढगातून येतात, हीच खरी अडचण. गारांपासून वाचण्यासाठी माणूस झाडाखाली धावतो आणि नेमका तेथेच विजेचा धोका अधिक असतो. म्हणून पहिला गडगडाट ऐकू येताच शाळा, मंदिर, रेल्वे स्थानक अशी पक्की इमारत गाठावी. जनावरे आभाळ भरून येण्यापूर्वीच पक्क्या गोठ्यात हलवावीत. ऐनवेळी ती सोडवण्यास धावू नये. पत्र्याचे शेड वाऱ्याने उडू शकते, याचे भान ठेवावे. आसरा नसेल तर सखल जागी, पण पाणी साचत नाही अशा ठिकाणी पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे होऊ नये. घोंगडी किंवा पोत्याची घडी डोक्यावर धरावी.

प्रवासात असाल तर

वाहनाचा वेग कमी करून, झाडे व जाहिरात फलक टाळून रस्त्याच्या कडेला थांबावे. काचा बंद ठेवून काचेकडे पाठ करावी आणि डोके चादरीने झाकावे. दुचाकीस्वाराने हेल्मेट न काढता जवळची इमारत गाठावी.

वादळानंतर

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. भिजलेले कपडे बदलून अंगाला ऊब द्यावी. लहान मुले व वृद्धांना गारठा लवकर बाधतो. वीज पडलेल्या व्यक्तीच्या अंगात विद्युतभार राहत नाही, त्यामुळे तिला हात लावण्यास भिऊ नये. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्यास सुरुवात करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अॅप विजेची पूर्वसूचना देते. गावातील एकाच्या मोबाइलवर ती आली, तरी रानातल्या सर्वांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था आधीच ठरलेली असावी.